छतावरचा सूर्य, दिव्याखालचा अंधार

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामजन्मभूमी मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली आणि त्याच दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसविण्याचा संकल्प जाहीर केला. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ या नावाने तो संकल्प प्रत्यक्षात उतरला. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, दरमहा ३०० युनिटपर्यंत मोफत विजेचे उद्दिष्ट, दोन किलोवॅटच्या संचाला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान, गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये, असे या योजनेचे ठसठशीत स्वरूप आहे. महाराष्ट्रानेही गुजरातच्या पाठोपाठ या योजनेत आघाडी घेतली. परदेशी तेलावर आणि वायूवर अवलंबून असलेल्या देशाने आपल्या वाट्याला भरभरून आलेल्या सूर्यप्रकाशाकडे वळावे, यात स्वावलंबनाचा विचार आहे आणि तो स्वागतार्हच आहे.

परंतु छतावर पॅनेल बसले म्हणजे काम संपले, ही समजूत चुकीची आहे. पॅनेलमधून निघालेली वीज ज्या तारेत शिरते, ती तार, तो खांब आणि ते रोहित्र यांची अवस्था काय आहे, त्यांच्यात नेमकी किती वीज कोणत्या वेळी कोणत्या दिशेने वाहते, याची माहिती वीज वितरण करणाऱ्या यंत्रणेकडे आहे काय, हा खरा प्रश्न आहे. सूर्य प्रत्येकाचा स्वतःचा असू शकतो, तार मात्र सर्वांची सामायिक असते. त्या सामायिक तारेविषयीचे अज्ञान हा आजच्या सौर कार्यक्रमातील दिव्याखालचा अंधार आहे.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी मुंबईच्या उपनगरातील भांडुपसारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. भांडुप भूगोलाने आणि महापालिकेने मुंबईत आहे, पण विजेने ते उर्वरित महाराष्ट्राशी जोडलेले आहे. शहर भागात बेस्ट, पश्चिम आणि मध्य उपनगरांच्या मोठ्या पट्ट्यात खासगी कंपन्या, आणि भांडुप-मुलुंडला मात्र महावितरण, अशी ही विभागणी आहे. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन जी वितरण कंपनी जन्माला आली, तिच्या एका मोठ्या परिमंडळाला भांडुपचेच नाव आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरील विद्युत भवनातून चालणाऱ्या या परिमंडळाचा कारभार ठाणे आणि नवी मुंबईपर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे भांडुपच्या खांबावर जे घडते ते महाराष्ट्रातील शेकडो शहरांच्या खांबांवर उद्या घडणार आहे.

या उपनगराची रचनाही बोलकी आहे. शास्त्री मार्गाच्या दुतर्फा एके काळी कारखान्यांची रांग होती. त्यातील अनेक जागांवर आता वीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत. रेल्वेच्या पश्चिमेला टेकड्यांच्या उतारावर टेंभीपाडा, तुळशेतपाडा, हनुमाननगर अशा दाट वस्त्या आणि चाळी आहेत. टोलेजंग इमारतीत शंभर कुटुंबांना मिळून एकच गच्ची असते आणि तिच्यातला निम्मा भाग पाण्याच्या टाक्यांनी व लिफ्टच्या खोलीने व्यापलेला असतो. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते, आणि शेजारी नवी इमारत उभी राहिली की तीही सावलीत जाते. उतारावरच्या घरांना पत्र्याचे छत असते, पण जागेची कागदपत्रे नसतात. आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राच्या सहभागाने २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात बृहन्मुंबईच्या छतांची सौर क्षमता सुमारे १,७२० मेगावॅट असल्याचे अनुमान काढण्यात आले होते. आकडा मोठा आहे. पण छतावर किती पॅनेल मावतात हे एक मोजमाप झाले, त्या छताखालच्या तारेत किती वीज मावते हे दुसरे. पहिले मोजमाप उपग्रहाच्या चित्रावरून करता येते, दुसऱ्यासाठी खांबापाशीच जावे लागते.

तारेत वीज ‘मावणे’ म्हणजे काय, हे समजायला फार अवघड नाही. मराठीत विजेलाही आणि पाण्यालाही ‘दाब’ हाच शब्द आहे. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग शुद्ध करणारे महापालिकेचे केंद्र भांडुपमध्येच आहे, आणि पाण्याचा दाब म्हणजे काय हे उतारावरच्या गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. जलवाहिनीच्या आरंभी दाब भरपूर असतो, शेवटच्या नळाला पाणी करंगळीएवढ्या धारेने येते. विजेचेही तसेच आहे. रोहित्रापासून निघालेल्या लघुदाब तारेवर जसजशी घरे येतात तसतसा दाब उतरत जातो. एकेरी वीजपुरवठ्याचा घोषित दाब २४० व्होल्ट, आणि नियमानुसार त्यात सहा टक्क्यांपर्यंत चढउतार चालतो, म्हणजे साधारण २२६ ते २५४ व्होल्ट. शेवटच्या घराला पुरेसा दाब मिळावा म्हणून रोहित्रापाशी तो थोडा चढाच ठेवण्याची प्रथा आहे.

१९१५ मध्ये टाटांची जलविद्युत खोपोलीहून मुंबईत आली तेव्हापासून शतकभर वीज एकाच दिशेने वाहत राहिली. केंद्रातून उपकेंद्राकडे, उपकेंद्रातून रोहित्राकडे, रोहित्रातून घराकडे. वितरणाची सारी आखणी या एकाच गृहीतावर उभी आहे. छतावरील सौर संचांनी हे गृहीत उलटे केले. दुपारी बारा वाजता घरात माणसे नसतात, पंखे बंद असतात आणि पॅनेल मात्र जोरात चालतात. मग वीज घराकडून रोहित्राकडे वाहू लागते आणि दाब उतरण्याऐवजी चढतो. तो सर्वाधिक कोठे चढतो? जे घर सायंकाळी कमी दाबाने त्रस्त असते, त्याच टोकाच्या घराशी. मर्यादा ओलांडली की सौर संचातील इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद होतो. म्हणजे कर्ज काढून पॅनेल बसविलेल्या टोकाच्या कुटुंबाचे संच भर दुपारी बंद पडतात, रोहित्राशेजारच्या घराचे मात्र उत्तम चालतात. दोघांना अनुदान सारखे, ऊन सारखे, पण फळ वेगळे. यात दोष कोणाचा, हे सांगायला आज कोणाकडे पुरावा नसतो, कारण त्या टोकाला दाब मोजलेलाच नसतो.

आता नियमांकडे पाहू. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे विनियम केले, तेव्हा एका वितरण रोहित्रावरील सौर संचांची एकूण क्षमता त्या रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवली होती. २०१९ च्या विनियमांनी ती ७० टक्क्यांवर नेली. शहरी भागातील ६३० केव्हीएच्या रोहित्राचा ढोबळ हिशेब केला तर पहिल्या मर्यादेत तीन किलोवॅटचे ८४ संच बसतात, दुसऱ्या मर्यादेत १४७. मग १४८ व्या कुटुंबाचे काय? त्याच्यासाठी भाराचा सविस्तर अभ्यास करावा, तो अनुकूल असेल तर परवानगी द्यावी, असा मार्ग विनियमांनी ठेवला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीविनाच मंजूर समजावेत, असे ठरविले. सामान्य ग्राहकाची कार्यालयातील खेटे घालण्यापासून सुटका झाली, हे चांगलेच झाले. पण कागदावर मंजुरी मिळाली म्हणून तारेतला दाब कमी होत नाही. तपासणीचे दार उघडले, याचा अर्थ आता यंत्रणेला अर्ज येण्यापूर्वीच आपल्या जाळ्याचा अभ्यास तयार ठेवावा लागेल, असा आहे. ४० टक्के असो वा ७० टक्के, हे आकडे अंदाजाचे आहेत. एखाद्या रोहित्रावर ७० टक्के सुद्धा जास्त होतील, दुसऱ्यावर १०० टक्केही सहज चालतील. भांडुपच्या ज्या रोहित्रावर दुकाने, दवाखाने आणि लहान उद्योग आहेत, तेथे दुपारची वीज तेथल्या तेथेच खपते. ज्या रोहित्रावर नोकरदारांची घरे आहेत, तेथे दुपारी खप नसतो. दोघांना एकच टक्केवारी लावणे हा प्रशासकीय सोयीचा न्याय झाला, खरा न्याय नव्हे.

या ठिकाणी मोजमापाच्या आधारे वितरण जाळ्याचे गणिती प्रारूप उभे करण्याचे शास्त्र उपयोगी पडते. प्रारूप म्हणजे जाळ्याची संगणकातील हुबेहूब प्रतिकृती. उच्चदाब वाहिन्यांच्या पातळीवर हे नवे नाही. काही ठिकाणच्या मोजणीवरून संपूर्ण जाळ्याच्या स्थितीचा अंदाज बांधण्याची पद्धत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे फ्रेड श्वेपे यांनी १९७० मध्ये मांडली, आणि राष्ट्रीय ग्रीडचे नियंत्रण जगभर त्या विचारावर चालते. दिल्लीत वा कळव्यात बसलेल्या अभियंत्याला शेकडो किलोमीटरवरच्या उच्चदाब वाहिनीची स्थिती पडद्यावर दिसते. पण भांडुपच्या एखाद्या गल्लीतील शेवटच्या खांबावर काय चालले आहे, हे त्या गल्लीतल्या वायरमनशिवाय कोणालाही ठाऊक नसते, आणि त्यालाही ते अनुभवाने ठाऊक असते, आकड्यांनी नव्हे.

अडचण अशी की, लघुदाब जाळ्याचा नकाशा कागदावर एक आणि खांबावर दुसराच असतो. रात्री दोन वाजता एका फेजचा फ्यूज गेला की वायरमन त्या फेजवरची काही घरे दुसऱ्या फेजवर टाकतो, लोकांचे पंखे फिरू लागतात, आणि ती नोंद कोणत्याही वहीत होत नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही, त्याने तत्परतेने सेवा केलेली असते. मात्र अशा हजारो रात्रींनंतर कोणते घर कोणत्या रोहित्रावर आणि कोणत्या फेजवर आहे, हे कार्यालयाला सांगता येत नाही. २००८ मध्ये केंद्राच्या पुनर्रचित वीज विकास व सुधारणा कार्यक्रमात ग्राहकांची रोहित्रनिहाय नोंद आणि रोहित्रांवर मीटर हे काम हाती घेण्यात आले होते. पण असा नकाशा एकदा करून कपाटात ठेवण्याचा नसतो. तो गावाच्या सातबाऱ्यासारखा सतत फेरफार नोंदवत राहावा लागतो.

मोजमापाचे सामर्थ्य येथेच दिसते. एका फेजवरील घरांचा दाब एकत्र चढतो आणि एकत्र उतरतो. एका घरात वातानुकूलन यंत्र सुरू झाले की त्याच फेजवरच्या शेजाऱ्याच्या मीटरलाही तो क्षण किंचित जाणवतो, दुसऱ्या फेजवरच्याला तसा जाणवत नाही. प्रत्येक मीटरने दर १५ किंवा ३० मिनिटांनी दाब आणि विजेचा वापर नोंदविला, सर्वांची घड्याळे एकसारखी असली, आणि काही आठवड्यांची नोंद हाती आली, तर कोणाचा दाब कोणाबरोबर हलतो हे पाहून घरे आपापल्या फेजवर आणि रोहित्रावर संगणक स्वतः मांडू शकतो. इतका वापर वाढला की दाब इतका उतरतो, हे नाते सापडले की तारेची लांबी, जाडी आणि सांध्यांची अवस्था यांचाही अदमास येतो. अशा रीतीने जमिनीखालच्या केबलला हात न लावता तिचे गुणधर्म कळतात. नाडी पाहून शरीराची प्रकृती ओळखणाऱ्या वैद्याचीच ही रीत आहे. मग त्या प्रतिकृतीवर प्रश्न विचारता येतात. या गल्लीत आणखी वीस संच आले तर मे महिन्याच्या दुपारी टोकाचा दाब किती होईल? दहा घरांची फेज बदलली तर किती? रोहित्राचा दाब एक पायरी खाली आणला तर सायंकाळी शेवटच्या घराला पुरेल काय? लाखो रुपयांचे नवे रोहित्र बसविण्याऐवजी वायरमनच्या अर्ध्या दिवसाच्या कामात प्रश्न सुटू शकतो काय? उत्तरे प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहायची, जेथे चुकतील तेथे प्रतिकृती सुधारायची. यात जादू काही नाही. सलग मोजणी आणि प्रामाणिक नोंद एवढेच त्याचे भांडवल आहे.

सौर संचांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. नेट मीटर बाहेरून आत आलेली आणि आतून बाहेर गेलेली वीज दाखवतो. छतावर तयार होऊन घरातच वापरलेली वीज त्याला दिसत नाही. त्यामुळे कार्यालयात बसून पाहणाऱ्याला वाटते की या भागातील दुपारची मागणीच घटली. प्रत्यक्षात ती घटलेली नसते, झाकली गेलेली असते. पावसाळ्यात भांडुपच्या टेकड्यांवर अचानक ढग दाटले की ती झाकलेली मागणी काही मिनिटांत उघडी पडते, आणि रोहित्रावर तिचा पूर्ण भार येतो. मोजणीतून ही लपलेली मागणी वेगळी काढता आली नाही, तर नियोजन चुकणारच.

जगाच्या अनुभवाकडेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या हवाई बेटांवर छतावरील सौर संच झपाट्याने वाढले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये तेथील वीज कंपनीने गर्दी झालेल्या वाहिन्यांवर नवे संच परवानगीविना सुरू करण्यास मज्जाव केला. पैसे भरून बसलेले ग्राहक संतापले. मग इन्व्हर्टरांच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, वाहिन्यांचा अभ्यास झाला, आणि २०१५ मध्ये दुपारच्या किमान मागणीच्या १२० टक्क्यांवर असलेली मर्यादा २५० टक्क्यांपर्यंत नेता आली. तारा त्याच होत्या, ज्ञान वाढले होते. जर्मनीतील सौर संचांना वारंवारिता ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की एकदम बंद होण्याची सूचना दिलेली होती. लाखो संच एकाच क्षणी बंद पडले तर संपूर्ण युरोपचे ग्रीड डळमळेल हे उशिरा ध्यानात आले, आणि २०१२ पासून तीन लाखांहून अधिक संचांच्या मांडणीत बदल करावे लागले. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात बुडाले. तेथे विजेचा तुटवडा नव्हता, दाब अनावर चढत गेला आणि केंद्रे एकामागून एक सुटत गेली. तो प्रकार उच्चदाब जाळ्यातला असला तरी धडा सर्वांसाठी आहे. विजेचे संकट केवळ कमतरतेतून येत नाही, ते न मोजलेल्या विपुलतेतूनही येते.

मुंबईकरांनी १२ ऑक्टोबर २०२० चा अंधार अनुभवलेला आहे. त्या दिवशी सकाळी पडघा-कळवा उच्चदाब वाहिन्यांवरील बिघाडानंतर लोकल गाड्या थांबल्या आणि शहर ठप्प झाले. छतावर पॅनेल असले तर अशा वेळी आपल्या घरात उजेड राहील, असे अनेकांना वाटते. वास्तविक बॅटरी नसलेला साधा सौर संच बाहेरची वीज गेली की आपणहून बंद होतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जीवासाठी ती व्यवस्था आवश्यक आहे. छतावरचा सूर्य कोणाला समाजापासून स्वतंत्र करीत नाही. उलट शेजाऱ्याशी असलेले नाते अधिक घट्ट करतो. आपल्या छतावरून निघालेली वीज शेजाऱ्याचा दाब वाढवते आणि शेजाऱ्याचा वापर आपली वीज खपवतो. हे परस्परावलंबन आकड्यांत मांडणे म्हणजेच जाळ्याचे प्रारूप करणे.

मोजमाप हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही, तो न्यायाचा विषय आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. शिवछत्रपतींच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली, तेव्हा पाच हात पाच मुठींची काठी ठरविण्यात आली, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर धरला गेला. मधल्या वतनदाराच्या अंदाजावर रयतेचा सारा ठरू नये, हा त्या काठीमागचा विचार होता. जेथे मोजमाप नसते तेथे बलवानाचा शब्द हाच हिशेब ठरतो. याच्या उलट उदाहरण भारनियमनाच्या काळातील आहे. राज्यात विजेचा तुटवडा होता तेव्हा वाहिन्यांचे वीजहानी आणि वसुलीनुसार ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट पाडण्यात आले आणि ज्या गटाची हानी अधिक त्याला अधिक तास अंधार, असे सूत्र लावले गेले. चोरीला आळा घालण्याचा हेतू योग्य होता. पण मोजणी वाहिनीपाशी थांबली होती. त्यामुळे नियमित बिल भरणारा प्रामाणिक ग्राहक, केवळ त्याच्या वाहिनीवर आकडे टाकणारे अधिक होते म्हणून शिक्षा भोगत राहिला. सरासरीने केलेला न्याय अनेकदा प्रामाणिकावरच अन्याय करतो. रोहित्रापर्यंत आणि तेथून घरापर्यंत मोजणी असती, तर चोर आणि साव वेगळे करता आले असते. सौर युगात तीच चूक टक्केवारीच्या रूपाने पुन्हा होऊ देता कामा नये.

प्रश्न उरतो विश्वासाचा. २०२१ मध्ये केंद्राने सुमारे ३ लाख ३ हजार कोटी रुपयांची सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात या मीटरना मोठा विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर न लावण्याची घोषणा राज्य सरकारला करावी लागली. हा विरोध केवळ राजकीय होता, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मीटर लोकांच्या दारात वसुली अधिकाऱ्याच्या वेशात आला. तो बिल वाढवणार की काय, वीज अचानक तोडणार की काय, हीच धास्ती सर्वप्रथम पोहोचली. हाच मीटर शेवटच्या घराचा दाब नोंदवतो, पंखा मंद का फिरतो आणि पॅनेल दुपारी का बंद पडते याचा पुरावा देतो, सौर तासांतील स्वस्त विजेचा लाभ देऊ शकतो, हे कोणी समजावून सांगितले नाही. ज्या यंत्राने ग्राहकाच्या बाजूने साक्ष द्यायची, तेच त्याला आरोपीसारखे वाटावे, हे दुर्दैव आहे. मोजणीचा उपयोग बिलापुरता राहिला तर संशय वाढेल, सेवेसाठी झाला तर सहकार्य मिळेल.

नागरिकांनी स्वतः मोजणी केल्याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने ग्राहकांच्या घरात लहान उपकरणे बसवून मिनिटा-मिनिटाचा दाब आणि खंडित वीजपुरवठा यांची नोंद ठेवली, अनेक राज्यांत ते काम नेले आणि ती माहिती सर्वांसाठी खुली केली. वीजपुरवठा ‘चोवीस तास’ आहे की नाही, हा वाद त्यामुळे घोषणांच्या पातळीवरून आकड्यांच्या पातळीवर आला. भांडुपच्या टेकडीपलीकडे पवईत १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी आहे, माटुंग्यात १८८७ पासूनची व्हीजेटीआय आहे. या संस्थांच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या उपनगरातील शंभर रोहित्रांची नोंद, ग्राहकांची नावे-पत्ते वगळून, अभ्यासासाठी मिळाली तर वितरण कंपनीचे हितच होईल.

अर्थात ही माहिती जपण्याचीही वस्तू आहे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या वापरावरून घर कधी रिकामे असते, माणसे कधी झोपतात, हे ओळखता येते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अस्तित्वात आहे, मात्र मीटरची नोंद कोणी, किती काळ आणि कशासाठी ठेवावी याचे स्पष्ट उत्तर ग्राहकाला त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे. याहून गंभीर बाब देशाच्या सुरक्षेची आहे. घराघरांतील इन्व्हर्टर इंटरनेटने जोडलेले असतात आणि त्यांची नोंद उत्पादक कंपनीच्या संगणकाकडे जाते. ज्या दुव्याने नोंद बाहेर जाते, त्याच दुव्याने आज्ञा आतही येऊ शकते. लिथुआनियासारख्या छोट्या देशाने २०२४ मध्ये कायदा करून मोठ्या सौर प्रकल्पांवरील चिनी दूरनियंत्रणाला अटकाव केला. सौरऊर्जेमुळे तेलाचे परावलंबन कमी व्हायचे आणि आकड्यांचे परावलंबन वाढायचे, असा सौदा भारताने का करावा? ऊर्जेचे स्वदेशीकरण हे केवळ पॅनेलवरच्या शिक्क्यापुरते नसते. जाळ्याची नोंद, तिचे प्रारूप आणि नियंत्रण देशातच असणे, हा त्याचा गाभा आहे.

भांडुप-मुलुंडच्या वीजवितरणासाठी २०२२ च्या अखेरीस एका खासगी कंपनीने समांतर परवान्याचा अर्ज केला आणि ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले. शासनाशी चर्चा होऊन तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला. सार्वजनिक की खासगी, हा वाद आपल्या जागी राहील. पण वितरणाची खरी संपत्ती खांब आणि तारा यांच्याइतकीच त्यांच्याविषयीच्या ज्ञानात असते, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे. ज्याला आपले जाळे ठाऊक आहे तोच त्याची निगा राखू शकतो, मग पाटी कोणाचीही असो. निवृत्तीला आलेल्या वायरमनच्या डोक्यात असलेला गल्लीचा नकाशा त्याच्याबरोबर घरी जाऊ न देता नोंदीत उतरवला, तर तो त्याच्या चाळीस वर्षांच्या सेवेचाही सन्मान ठरेल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक वितरण रोहित्रावर चालू स्थितीतील मीटर असावा. कोणत्या रोहित्रावर किती सौर संच आहेत आणि आणखी किती बसू शकतात, ही माहिती मराठीत, वस्तीच्या नावाने जाहीर व्हावी. टोकाच्या ग्राहकाच्या दाबाची नोंद त्याला मागताच मिळावी. ज्याचा संच चढ्या दाबाने बंद पडतो, त्याची तक्रार इन्व्हर्टरमधील नोंदीसह स्वीकारली जावी. आणि जाळे सुदृढ करण्याचा खर्च ज्याला छतच नाही अशा टेकडीवरच्या ग्राहकाच्या बिलात नकळत जाऊ नये, यावर नियामक आयोगाने लक्ष ठेवावे. सूर्याची वीज टॉवरला आणि तिचा भार चाळीला, अशी वाटणी झाली तर ही योजना आपल्या मूळ हेतूलाच पारखी होईल.

शासनाकडून अपेक्षा करताना समाजाचे कर्तव्यही विसरता येणार नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत रंगरंगोटी आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्यात एक विषय असा असावा की आपली इमारत कोणत्या रोहित्रावर आहे, आपली दुपारची मागणी किती, पाण्याचा पंप सकाळऐवजी दुपारी बारा वाजता चालवला तर गच्चीवरची वीज इमारतीतच खपेल काय. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अनुदानाचे अर्ज भरून देण्याबरोबरच टोकाच्या घरांतील दाबाच्या नोंदी महिनाभर घेतल्या, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्या मांडल्या आणि त्या विद्युत भवनात सन्मानाने सादर केल्या, तर ते मोर्चापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल. पंपाची वेळ बदलायला शासकीय आदेश लागत नाही, दाब टिपायला फार पैसे लागत नाहीत. लागते ती सातत्याने नोंद ठेवण्याची शिस्त.

एक कोटी छतांचा संकल्प मोठा आहे आणि तो पूर्ण व्हायलाच हवा. २०१५ मध्ये २०२२ पर्यंत ४० हजार मेगावॅट छतावरील सौरऊर्जेचे उद्दिष्ट ठेवले गेले होते आणि मुदत संपली तेव्हा देश त्याच्या जवळपासही पोहोचला नव्हता, हा अनुभव ताजा आहे. या वेळी अनुदान भक्कम आहे, उत्साह आहे. आता उत्साहाला मोजमापाची जोड हवी. किती पॅनेल बसले, या आकड्याबरोबरच शेवटच्या खांबावरच्या शेवटच्या घराला दुपारी आणि सायंकाळी किती दाब मिळाला, हा आकडाही ज्या दिवशी अभिमानाने जाहीर करता येईल, त्या दिवशी सूर्य खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचला असे म्हणता येईल.